मधले चार तास

रेडिओवरून फोन आला आणि विषय सांगितला गेला तेव्हा मी हसलोच. ‘हिंसक गुन्हा केलेल्या बंद्यांबरोबर मानसशास्त्रज्ञ काय काम करतात, यावर पंधरा मिनिटं बोला.’ मी म्हटलं, साहेब, मी कविता लिहिणारा माणूस. बी.ए.ला मानसशास्त्र हा एक विषय होता, एवढीच माझी पात्रता, आणि त्यातही जेमतेम पास झालो होतो. ते म्हणाले, ‘तुमचं तुरुंगात जाणं-येणं होतं असं ऐकलंय.’

ते खरं होतं. होतं म्हणजे, मुलाकतीपुरतं. शाळेत माझ्या बाकावर बसणारा मित्र खुनाच्या गुन्ह्यात जन्मठेप भोगत होता. कामठीचा, यंत्रमागावर काम करणारा. त्याचं नाव इथं सांगत नाही. तो आता सुटलाय, त्याची मुलं संसाराला लागली आहेत.

आपल्या मराठी माणसाच्या मनात तुरुंग म्हटलं की वेगळीच चित्रं उभी राहतात. धुळ्याच्या तुरुंगात १९३२ साली विनोबा गीतेवर बोलताहेत आणि साने गुरुजी ते उतरवून घेताहेत. पुढच्याच वर्षी नाशिकच्या तुरुंगात गुरुजी ‘श्यामची आई’ लिहिताहेत. आपल्या साहित्यातला तुरुंग हा सत्याग्रहींचा तुरुंग. त्याच भिंतींच्या आत ज्यांनी खरोखरच कुणाचा जीव घेतला, ती माणसं आपल्या वाचनात फारशी येत नाहीत. आलीच तर बातमीत येतात, तीन ओळींत, आणि त्या तीन ओळींत एक शब्द ठरलेला असतो: ‘रागाच्या भरात’.

माझा मित्रही तेच सांगायचा. मुलाकतीच्या जाळीपलीकडून मी पहिल्यांदा विचारलं, ‘का केलंस रे?’ तर म्हणाला, ‘गुस्सा आया था, बस. हो गया.’ दोन वर्षांनी विचारलं, तेच उत्तर. पाच वर्षांनी विचारलं, तेच. नंतर मी विचारायचंच सोडून दिलं. घरच्या गोष्टी, पोरांच्या परीक्षा, कोण वारलं, कुणाचं लग्न झालं, एवढंच बोलायचो.

मग एकदा तो अभिवचन रजेवर, म्हणजे पॅरोलवर आला. रात्री जेवण झाल्यावर अंगणात बसलो होतो. मी काही विचारलं नव्हतं. तो आपणहून म्हणाला, ‘यार, चार घंटे थे मेरे पास.’

त्याच्या तुरुंगात तेव्हा एक समुपदेशक बाई येत असत. शिक्षणानं मानसशास्त्रज्ञ. बंदी त्यांना मॅडम म्हणत. पुढं माझी त्यांच्याशी ओळख झाली, आणि मी त्यांना ताई म्हणू लागलो. आता त्या निवृत्त आहेत. आज मी जे सांगतोय त्यातलं शास्त्र त्यांचं आहे. चुका असतील तर माझ्या.

ताईंची पद्धत ऐकायला फार साधी. ‘का केलंस?’ हा प्रश्न त्या विचारतच नाहीत. त्यांचं म्हणणं, ‘का’ विचारलं की माणूस वकिलासारखा बोलायला लागतो. कोर्टात सांगून सांगून गुळगुळीत झालेलं उत्तर देतो. त्या म्हणत, ‘त्या दिवशी सकाळी उठलास तिथपासून सांग. चहा घेतलास? कोणाबरोबर?’ मग पुढं पुढं, तासातासानं. मध्ये कुठं माणूस उडी मारायला लागला की त्याला परत मागं आणायचं. बारा वाजता इथं होतास, मग एकदम साडेचार कसे वाजले? मधे काय झालं? एका बैठकीत हे होत नाही. कधी कधी चार-सहा महिने जातात.

माझ्या मित्राचा तो दिवस शुक्रवार होता. माग बंद. साडेबाराच्या सुमाराला तो आपल्या दहा वर्षांच्या मुलाला घेऊन पानठेल्यावर उभा होता. मोहल्ल्यातल्याच एका माणसाची उधारी होती, रक्कम सांगायलाही लाज वाटेल इतकी लहान. तो माणूस आला, शब्दाला शब्द लागला आणि त्यानं चारचौघांत, मुलासमोर, याच्या कानाखाली मारली. हा काहीच बोलला नाही. तिथून निघाला.

एक वाजता अंघोळ करून जुम्म्याच्या नमाजला जायचं होतं. गेला नाही. मशिदीत तीच चार माणसं भेटणार, ज्यांनी पाहिलं. घरी आला तर पोरगा आधीच घरी पोचलेला. बायकोनं ताट वाढलं आणि काही बोलली नाही. याला वाटलं, हिला कळलंय आणि हिच्या मनातून मी उतरलो. ताट सरकवून दिलं, भिंतीकडं तोंड करून पडून राहिला. तीनला उठला. भंडाऱ्याला बहिणीकडं जाऊन दोन दिवस राहावं म्हणून बस स्टँडवर गेला. एक बस भरून गेली, दुसऱ्या बसला वेळ होता. थांबला नाही. परतला. वाटेत चुलतभावाच्या मटणाच्या दुकानातून सुरा उचलला. साडेचार वाजले होते.

ताईंनी त्याच्याकडून हे सगळं कागदावर काढून घेतलं होतं. एक आडवी रेघ, तिच्यावर वेळा. जिथं जिथं रस्ता दुसरीकडं वळू शकत होता तिथं खूण. मशीद, ताट, बस स्टँड, दुकान. चार खुणा. ‘क्षणाचा राग’ म्हणून जो तो इतकी वर्षं सांगत होता, तो क्षण चार तासांचा निघाला.

अनेक वर्षांनी त्यानं बायकोला विचारलं की त्या दिवशी तू गप्प का होतीस. ती म्हणाली, ‘तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून.’

कायद्यालाही हे मधले तास नवे नाहीत. नानावटी खटला आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल. २७ एप्रिल १९५९ रोजी मुंबईत नौदलातल्या कमांडर नानावटींनी प्रेम आहुजांना गोळ्या घातल्या. गंभीर आणि आकस्मिक चिथावणीमुळं भान गेलं, असा एक बचाव होता. १९६१ साली सर्वोच्च न्यायालयानं तो फेटाळला. पत्नीनं कबुली दिल्यानंतर नानावटींनी तिला आणि मुलांना सिनेमाच्या थिएटरवर सोडलं होतं, बोटीवर जाऊन रिव्हॉल्व्हर घेतलं होतं, मग आहुजांचा शोध घेत ते त्यांच्या घरी गेले. मधे सुमारे तीन तास गेले होते. मन ताब्यात आणायला तेवढा वेळ पुरेसा होता, असं न्यायालयानं म्हटलं. न्यायालय हे तास मोजतं ते दोष किती हे ठरवण्यासाठी. तुरुंगातली मानसशास्त्रज्ञ तेच तास मोजते, पण पुढच्या वेळी त्याच जागी हा माणूस काय करील, यासाठी.

ताईंच्या बोलण्यातून मला कळलेली दुसरी गोष्ट शब्दांची आहे, आणि ती माझ्या धंद्यातली आहे म्हणून जरा रेंगाळतो.

हिंसक गुन्हा केलेल्या पुष्कळ माणसांकडं स्वतःच्या मनाबद्दल बोलायला एकच शब्द असतो, राग. भीती वाटली तरी राग, अपमान झाला तरी राग, भूक लागली, झोप नाही, आईची आठवण आली, तरी रागच. ताईंच्या गटात दहा-बारा जण गोल बसत आणि पहिले काही आठवडे फक्त हेच चाले: ‘राग नाही म्हणायचं. दुसरा शब्द शोधा.’ खुनाचा आरोप सिद्ध झालेला पन्नाशीचा माणूस शाळकरी पोरासारखा डोकं खाजवत बसलाय, असं दृश्य त्या सांगत. माझ्या मित्राला त्याचा शब्द सापडायला तीन महिने लागले. शब्द होता ‘शर्म’. लाज. कानाखाली बसली त्याची नव्हे, पोरानं पाहिलं त्याची.

जेम्स गिलिगन नावाचे एक अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ आहेत. मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या तुरुंगांमध्ये त्यांनी वर्षानुवर्षं काम केलं आणि १९९६ साली हिंसेवर एक पुस्तक लिहिलं. त्यांचं सांगणं थोडक्यात असं की, गंभीर हिंसेच्या मुळाशी बहुधा लाज असते, आपण कोणाच्या तरी नजरेत शून्य झालो ही भावना. कामठीच्या पानठेल्यावरचा माणूस आणि बोस्टनकडचा माणूस यांच्यात इतकं साम्य असावं याचं मला तेव्हा आश्चर्य वाटलं होतं. आता वाटत नाही.

शब्द सापडला की व्याकरण. शाळेत आपण सगळ्यांनी प्रयोग शिकलो: कर्तरी, कर्मणी, भावे. तेव्हा वाटायचं, याचा आयुष्यात काय उपयोग? ताई म्हणायच्या, ‘भाऊ, माझं अर्धं काम प्रयोगाचं असतं.’ कारण बंदी सांगतो कसं? ‘माझ्या हातून घडलं.’ ‘सुरा लागला.’ ‘भांडणात तो गेला.’ सगळ्या वाक्यांत हात आहे, सुरा आहे, भांडण आहे. ‘मी’ कुठंच नाही. ताई घाई करत नसत, वाक्य सुधारूनही देत नसत. फक्त विचारत, ‘सुरा कोणाच्या हातात होता? हात कोणाचा होता?’ एक दिवस माणूस म्हणतो, ‘मी मारलं.’ (व्याकरणाचे जाणकार म्हणतील, हाही कर्तरी प्रयोग नव्हे. मान्य. पण निदान ‘मी’ आला.) त्या दिवशी गटात कोणी बोलत नाही. त्या रात्री त्या माणसावर लक्ष ठेवायला सांगावं लागतं, कारण ‘मी’ आल्यावर काहींना जगणं नकोसं होतं. भारतातल्या तुरुंगांत होणाऱ्या अनैसर्गिक मृत्यूंमध्ये निम्म्याहून जास्त आत्महत्या असतात, हे अलीकडच्या सरकारी आकडेवारीतच दिसतं.

यानंतरचं काम त्या मानानं कवायतीसारखं. राग अंगात कुठून चढतो ते ओळखायचं: कान तापतात, जबडा आवळतो, मूठ वळते. ती खूण दिसली की काय करायचं ते आधीच ठरवून ठेवायचं आणि पुन्हा पुन्हा करून पाहायचं. आंघोळीच्या हौदावर कोणी रांग मोडली, असा खोटा प्रसंग उभा करायचा आणि एकानं शिव्या द्यायच्या, दुसऱ्यानं सांभाळायचं. रेमंड नोव्हाको या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं १९७५ साली ही रागाची तालीम शिस्तशीर मांडली आणि पुढं अनेक देशांतल्या तुरुंगांनी ती आपापल्या परीनं घेतली. आपल्याकडं विपश्यनेची शिबिरं झाली, जयपूरला १९७५ मध्ये आणि तिहारला १९९४ मध्ये, त्यांचाही एक रोख तोच: कळ उठणं आणि हात उठणं यांच्यामध्ये थोडी जागा करायची.

दोन गैरसमज मात्र दूर करायला हवेत. पहिला, खुनी म्हणजे वेडा. तसं नसतं. मनोरुग्णांपैकी बहुसंख्य माणसं कोणाला इजा करत नाहीत, आणि गंभीर गुन्हे करणाऱ्यांपैकी बहुतेकांना भास-भ्रमाचा आजार नसतो. ज्यांना असतो त्यांना औषध हवं, समुपदेशन नंतर. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानं प्रत्येक राज्यातल्या निदान एका तुरुंगाच्या वैद्यकीय विभागात मानसोपचाराची सोय असली पाहिजे, असं म्हटलंय.

दुसरा गैरसमज सिनेमानं दिलेला. ‘दो आँखें बारह हाथ’ आपण सगळ्यांनी पाहिलाय. गदिमांची कथा, शांतारामबापूंचा जेलर, सहा खुनी कैदी. १९५७ चा चित्रपट. त्याच्या मागं खरा प्रयोग होता: औंध संस्थानात, आटपाडीजवळ, स्वतंत्रपूरला १९३९ च्या सुमारास उभी राहिलेली मुक्त वसाहत. मॉरिस फ्रीडमन या गांधीवादी पोलिश अभियंत्याचा त्यात मोठा वाटा होता. ती वसाहत आपल्या महाराष्ट्राची शान आहे, यात शंका नाही. पण सिनेमा पाहून आपल्याला वाटतं की एका भल्या माणसाच्या डोळ्यांच्या धाकानं आणि मायेनं सगळं होतं. ताईंना हा सिनेमा आवडतो, पण त्या म्हणतात, ‘मला ते जमत नाही. माझ्याकडं येणारे निम्मे जण पहिल्या महिन्यात मला बनवायला बघतात. माफीचे दिवस वाढतील, रजेसाठी शिफारस मिळेल म्हणून गोड बोलतात. मी पहिल्याच दिवशी सांगते, माझ्या हातात रजा नाही, माफी नाही. आणि कोणाला इजा करायचा बेत मला सांगितलास तर मी गप्प बसणार नाही.’ काही जण त्या दिवसानंतर परत येत नाहीत. काही जण आठ वर्षं येऊनही जागचे हलत नाहीत. तेही त्या सांगतात, लपवत नाहीत.

आणि हे काम करणारी माणसं किती? केंद्राच्या २०१६ च्या आदर्श कारागृह नियमावलीत दर ५०० बंद्यांमागं एक मानसशास्त्रज्ञ किंवा समुपदेशक असावा, असं धरलंय. २०१७ च्या सप्टेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयानंही, विशेषतः पहिल्यांदा तुरुंगात आलेल्यांसाठी, समुपदेशक नेमायला सांगितलं. प्रत्यक्षात २०२२ अखेरच्या आकडेवारीनुसार देशभरच्या तुरुंगांत ५ लाख ७३ हजार बंदी होते आणि मानसशास्त्रज्ञ व मनोविकारतज्ज्ञ मिळून २५. भागाकार केला तर एका माणसामागं जवळपास २३ हजार. बंद्यांपैकी चारात तीन कच्चे कैदी, म्हणजे ज्यांचा गुन्हा अजून सिद्धच झालेला नाही. तासातासाची रेघ कोणी कोणाची काढायची?

कोणीच शांतपणे बसून ऐकलं नाही तर काय होतं, त्याचं एक उदाहरण आमच्या नागपुरातच आहे. वर्धा रोडवरच्या मध्यवर्ती कारागृहावरून माझं नेहमी जाणं होतं. मार्च २०२३ मध्ये तिथून निरानाराम चौधरी नावाचा माणूस बाहेर पडला. १९९४ साली पुण्यात एका कुटुंबातल्या सात जणांचा खून झाला होता. त्यात एक गर्भवती स्त्री होती, लहान मुलं होती. त्या प्रकरणात ‘नारायण’ या नावानं, सज्ञान म्हणून, त्याला फाशी सुनावली गेली होती. राजस्थानातल्या त्याच्या शाळेच्या नोंदवहीत जन्मतारीख होती १ फेब्रुवारी १९८२. म्हणजे गुन्ह्याच्या वेळी तो साडेबारा वर्षांचा होता. पुण्याच्या सत्र न्यायाधीशांकडून चौकशी करवून सर्वोच्च न्यायालयानं २७ मार्च २०२३ रोजी ते मान्य केलं आणि त्याला सोडायला सांगितलं. तोपर्यंत अठ्ठावीस वर्षं तुरुंगात गेली होती, त्यातली पंचवीस फाशीच्या छायेत. तिथंच शिकून तो समाजशास्त्रात एम.ए. झाला होता. ज्या सात जणांचे जीव गेले त्यांच्या घरच्यांचं दुःख यानं तसूभर कमी होत नाही. पण बालगुन्हेगाराला फाशी देता येत नाही, एवढा साधा कायदा लागू व्हायला पाव शतक लागलं, कारण हा कोण, कुठला, कोणत्या यत्तेत होता, हे खटल्याच्या वेळी कोणी खोलात जाऊन विचारलं नाही.

आता निदान वरच्या न्यायालयांची दृष्टी बदलते आहे. मे २०२२ मध्ये मनोज विरुद्ध मध्य प्रदेश या निकालात सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं, फाशीचा विचार करण्याआधी आरोपीचं बालपण, कुटुंब, शिक्षण, मनाची अवस्था यांची माहिती मिळवा, त्याचं मानसशास्त्रीय मूल्यमापन करवून घ्या. त्याआधी २०२१ मध्ये दिल्लीच्या राष्ट्रीय विधि विद्यापीठातल्या ‘प्रोजेक्ट ३९ ए’ या गटानं फाशीची शिक्षा झालेल्या ८८ बंद्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. ज्यांची तपासणी झाली त्यांत साठ टक्क्यांहून जास्त जणांना कोणता ना कोणता मानसिक आजार आढळला. हे मूल्यमापन करायला पुन्हा माणसं लागणारच.

माझा मित्र सुटला. जन्मठेप म्हणजे चौदा वर्षं, असं लोक समजतात, तसं नाही. ती आयुष्यभराची शिक्षा असते, आणि खुनासारख्या गुन्ह्यात निदान चौदा वर्षं प्रत्यक्ष भोगल्यावरच शासन मुदतपूर्व सुटकेचा विचार करू शकतं. त्याच्या बाबतीत तो झाला. तो कामठीला राहायला गेला नाही; नागपुरात, दुसऱ्या टोकाला खोली घेतली.

मागच्या उन्हाळ्यात आम्ही मोमिनपुऱ्यात चहा पीत उभे होतो. त्याचा मुलगा बरोबर होता, तोच, आता दाढी पिकू लागलेला. एका पोराच्या गाडीचं हँडल याला लागलं, कपातला चहा सदऱ्यावर सांडला, आणि वर त्या पोरानंच आईवरून शिवी दिली. मी याच्याकडं पाहिलं. कान लाल झाले होते. यानं कप खाली ठेवला आणि मला विचारलं, ‘टाइम क्या हुआ?’ मी म्हटलं, पावणेसहा. ‘चल,’ म्हणाला, ‘उधर चलते हैं.’ मुलगा काही बोलला नाही. थोडं पुढं गेल्यावर त्यानं वडिलांच्या सदऱ्यावरचा डाग आपल्या रुमालानं पुसला.

हे सगळं चांगलं झालं, असं मी एका घरी मात्र सांगू शकत नाही. ज्याला याच्या हातून... नाही, ज्याला यानं मारलं, त्याची विधवा अजून त्याच मोहल्ल्यात राहते. आमच्या नात्यातली आहे. तिनं बिड्या वळून तीन पोरं वाढवली. मी तुरुंगात मुलाकतीला जात असे, हे तिला माहीत होतं. एकदाच तिनं विचारलं होतं, ‘भाईजान, त्याच्या मनात काय चाललं होतं हे विचारायला सरकारनं बाई ठेवली. माझ्याकडं कोण आलं?’ ताईंना मी हे सांगितलं, तेव्हा त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, ‘बरोबर आहे तिचं. कोणी जात नाही.’

ईदला मी दोन्ही घरी शीरखुर्मा घेऊन जातो. आधी तिच्याकडं, मग त्याच्याकडं. ती डबा रिकामा करून, धुऊन, त्यात मुठभर साखर घालून परत देते. तो सुटल्याचं तिला ठाऊक आहे. कुठं राहतो ते तिनं विचारलेलं नाही, आणि मीही सांगितलेलं नाही.